कासच्या नोंदी चिपळूणजवळ का दिसत होत्या

या आठवड्यात आमच्या गटाच्या जुन्या वनस्पती-नोंदी पहिल्यांदा नकाशावर उतरल्या. फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसच्या डीबीएफ फाइलमधून पोस्टजीआयएस या नकाशांच्या डेटाबेसमध्ये, आणि समोर लीफलेटनं ब्राउझरमध्ये काढलेला नकाशा. ठिपके उमटले तेव्हा खूप आनंद झाला. पण कास पठारावरच्या नोंदी चिपळूणच्या दक्षिणेला, पार कोकणात होत्या.

फाइलमध्ये कासपुढे अक्षांश-रेखांश १७.४३ आणि ७३.४९ असे आहेत. मी ते दशांश धरले. प्रत्यक्षात ती मिनिटं आहेत, १७ अंश ४३ मिनिटं, म्हणजे दशांशात १७.७१७. एवढ्यानं ठिपका ३२ किलोमीटर दक्षिणेला आणि ३५ किलोमीटर पश्चिमेला सरकला. खूण रकान्यातच होती: टोपोशीटवरून, म्हणजे छापील भूनकाशावरून, घेतलेल्या नोंदींत बिंदूनंतरचा आकडा ५९ च्या वर कुठेच जात नाही. जीपीएस आल्यानंतरच्या नोंदी मात्र खऱ्या दशांशात, बिंदूनंतर पाच-पाच स्थळांपर्यंत. दोन्ही एकाच रकान्यात! आता दोन स्थळांच्या नोंदी वेगळ्या काढून बदलल्या, आणि जिथे वहीत उंची लिहिली आहे तिथे ती एसआरटीएमच्या, म्हणजे अंतराळयानातून रडारनं मोजलेल्या, उंचीशी ताडून पाहिली. शंभर मीटरपेक्षा जास्त फरक आला तर ठिपका लाल. कास १,२०० मीटरच्या आसपास, त्यामुळे कोकणात घसरलेली नोंद लगेच पकडली जाते.

मिनिटापर्यंतच्या नोंदीला मी पिन लावत नाही. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर, पिन नको तितकी ठाम दिसते. तिथे १.३ किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलं आहे.

मराठी नावं युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये होती. ‘हिरडा’तली वेलांटी ‘ह’च्या आधी साठवलेली, ‘अर्जुन’मधला रफार ‘ज’नंतर. त्यासाठी छोटी स्क्रिप्ट लिहिली, पण प्रत्येक नाव डोळ्यांनी वाचलंच. शास्त्रीय नावं जशी लिहिली होती तशीच ठेवली. बाभळीच्या प्रजातीचं नाव अकेशियाचं व्हॅचेलिया झालं, हे वेगळ्या तक्त्यात. नोंदणाऱ्यानं त्या दिवशी काय लिहिलं, ते पुसायचा हक्क आपल्याला नाही.

शिवसुमन आणि कंदीलपुष्पं या दुर्मिळ वनस्पतींच्या नेमक्या जागा नकाशावर येणार नाहीत, फक्त दहा किलोमीटरचा चौकोन दिसेल. रोपं आणि कंद उकरून नेले जातात, त्यामुळे यात तडजोड नाही.

राहिल्या आहेत नुसतं ‘आंबोली’ किंवा ‘भीमाशंकर’ लिहिलेल्या नोंदी. त्या सहलींच्या मूळ वह्या कुणाकडे असतील तर पानांचे फोटो हवे आहेत, शेजारच्या समासातल्या खुणांसकट.