बक्षीस शोधण्यालाही द्या ना

काल संध्याकाळी कॉलेजच्या लायब्ररीचा काउंटर बंद करता करता टीवायबीएची एक मुलगी आली, कळव्याहून येते ती, आणि टेबलावर एक शंभर पानी वही ठेवून म्हणाली, "मॅडम, प्रोजेक्ट सबमिट झाला, ही आता रद्दीत टाकू ना?" मी म्हटलं थांब जरा. वही उघडली आणि वाचतच बसले, सहा अठराची लोकल गेली, नंतरची पण गेली.

तिचा विषय मिठागरं. आजोबा भांडुपच्या मिठागरात कामाला होते, घरी लहानपणापासून ऐकलेलं, म्हणून हा विषय घेतला. पहिल्यांदा आली तेव्हा विचारलं होतं, मिठावरची पुस्तकं कुठेयत? आता लायब्ररीत काम करणाऱ्यालाच माहीत असतं की मीठ एका कपाटात नसतंच. पुस्तकं विषयाच्या नंबरने (ड्युई पद्धत) लावलेली असतात. मीठ बनवण्याचं तंत्र 664 ला, फूड टेक्नॉलॉजीत. मिठाचा सत्याग्रह, वडाळ्याच्या मिठागरावर 1930 मधे लोक चालून गेले ते सगळं, 954 ला, भारताच्या इतिहासात. आणि मिठागरात पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्या आगरी समाजावर काही असलं तर ते 305 च्या आसपास. पहिला आठवडा बिचारी 664 समोरच उभी होती. वहीत तारीख घालून लिहिलंय, "आज काही मिळालं नाही". अशी चार पानं आहेत.

मग मी तिला ठाणे जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर दिलं, म्हणजे इंग्रज सरकारने काढलेला जिल्ह्याचा माहितीग्रंथ, 1882 चं, तेरावा खंड. (आता ते ऑनलाइन पण वाचता येतं, पण तिला कागदावर वाचायचं होतं.) इंग्रजी जुनं आणि अवघड, रोज दोन पानं, शेजारी डिक्शनरी. मीठ कसं करतात त्याचं वर्णन त्यात सापडलं. इंडियन सॉल्ट अॅक्ट, मिठावरच्या कराचा कायदा, तो पण 1882 चाच, हे तिचं तिनेच जुळवलं आणि त्याखाली जे लिहिलंय ते वाचून मला खरंच भरून आलं. "हे पुस्तक कर घेणाऱ्यांनी लिहिलंय. पाण्यात उभं राहणारा काय म्हणतो ते यात नाही. आजोबांना परत विचारायला पाहिजे."

याला म्हणतात रिसर्च!! आणि हे प्रोजेक्टमधे कुठेच नाहीये. प्रोजेक्टमधे प्रस्तावना, उद्दिष्टं, निष्कर्ष, चाळीस पानं, स्पायरल बाइंडिंग. एका स्पर्धेलाही पाठवला होता, तिथे जजेसनी पोस्टरसमोर दोन मिनिटं उभं राहून विचारलं ग्राफ का नाही काढले. तिने मला हे सांगितलं तेव्हा हसत होती पण मला राग आला होता, अजून आहे.

बाहेर काही विद्यापीठांच्या लायब्रऱ्या स्वतः विद्यार्थ्यांच्या रिसर्चला बक्षीस देतात. बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात पदवीच्या मुलांसाठी असं लायब्ररी प्राइज आहे. तिथे नुसता पेपर चालत नाही, सोबत एक निबंध द्यायचा की मी हे कसं शोधलं, कुठे अडकले, कोणता सोर्स का सोडला, आणि संदर्भसूची. म्हणजे सापडलं काय याच्याइतकंच शोधलं कसं यालाही महत्त्व.

आपल्याकडे विद्यापीठांची आविष्कार ही संशोधन स्पर्धा आहे, मुलं मेहनत करून जातात, चांगलंच आहे. पण लायब्ररीचं असं बक्षीस मी आजूबाजूच्या कॉलेजांत पाहिलेलं नाही. आणि आता तर नव्या शैक्षणिक धोरणात चौथ्या वर्षी ऑनर्स विथ रिसर्च येतंय, पहिल्या सहा सेमिस्टरला 75 टक्के असतील तर रिसर्च करता येणार, मग शोधायला शिकवणार कोण आणि कधी? शोधगंगा या वेबसाइटवर लाखो थिसिस फुकट आहेत, ऑनलाइन जर्नल्स-पुस्तकं वाचायला एन-लिस्टचं लॉगिन आम्ही प्रत्येकाला देतो, पण त्यात शिरायचं कसं हे त्या 664 समोर चार दिवस उभं राहूनच कळतं.

मला वाटतं सुरुवात अगदी छोटी करावी. प्रोजेक्टसोबत दोन पानं, शोध कसा घेतला त्यावर, मराठीत लिहिली तरी चालतील, नव्हे मराठीतच लिहू द्या कारण आमची निम्मी मुलं इंग्रजीत लिहायला लागली की खरं बोलायचंच थांबतात. तपासायला एक विषयाचे सर आणि एक लायब्ररीयन. आणि बक्षीस म्हणून ट्रॉफी नको, आपल्या ठाण्यात 1893 पासूनचं मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, त्याची वर्षभराची वर्गणी भरून द्या. उचलेगिरी पण कमी होईल, ज्याने शोधलंच नाही तो शोधाबद्दल दोन पानं लिहिणार कशी?

वहीच्या शेवटच्या पानावर मला विचारायचा प्रश्न लिहून ठेवला होता, आजोबांचं नाव संदर्भसूचीत लिहायचं का? मी तेव्हा सांगितलं होतं की संदर्भ लिहायच्या एपीए स्टाइलमधे अशी मुलाखत सूचीत येत नाही, फक्त मजकुरात येते, एमएलए या दुसऱ्या स्टाइलमधे मात्र सूचीत लिहितात. तिने एमएलए घेतली. प्रोजेक्टच्या सूचीत गॅझेटियर आहे आणि आजोबा पण आहेत, पूर्ण नावाने, मुलाखतीच्या तारखेसकट.

वही मी रद्दीत जाऊ दिली नाही. तिला विचारून माझ्या ड्रॉवरमधे ठेवलीये, लायब्ररी कमिटीच्या पुढच्या मीटिंगला घेऊन जाणारे.