आमची वाटचाल : रफार, वेलांटी आणि वाशिष्ठीचं पाणी

सरकारी दवाखान्यांमधली रुग्णांची जुनी माहिती नव्या प्रणालीत आणून द्यायची, हे आमच्या फर्मचं काम. ऑफिस चिपळूणला, गिऱ्हाईक मंडणगडपासून राजापूरपर्यंत. बरी गेलेली वर्षं सांगत बसत नाही.

जुन्या प्रणालीतली नावं युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची सामाईक पद्धत) नसत, फॉन्टच्या कोडमध्ये असत. तिथे अक्षरं दिसतात त्याच क्रमाने साठवलेली: ‘विनायक’ची पहिली वेलांटी ‘व’च्या आधी, ‘शर्मा’चा रफार काना संपल्यावर. युनिकोडमध्ये वेलांटी ‘व’नंतर येते आणि र् ‘म’च्या आधी. म्हणजे नुसतं अक्षराला अक्षर लावून भागत नाही, रफार उचलून मागे न्यावा लागतो.

एका रुग्णालयाचं काम आमच्या निम्म्या दरात दुसऱ्या फर्मने घेतलं. त्यांनी अक्षराला अक्षर लावलं आणि मोकळे झाले. शिवाय पत्त्याच्या रकान्याचा कॅरेक्टर सेट, म्हणजे त्यात चालणाऱ्या अक्षरांचा संच, लॅटिन-वन हा रोमन अक्षरांचा ठेवला. त्यात देवनागरी बसतच नाही, पत्त्यांच्या जागी ओळीने प्रश्नचिन्हं. एकदा प्रश्नचिन्ह झालेलं अक्षर परत येत नाही, मूळ फाइलच शोधावी लागते. शोधून ‘शर्मा’ सापडेना, म्हणून खिडकीवर दर खेपेला नवा केसपेपर. मधुमेहाच्या रुग्णाची मागची साखर डॉक्टरांना दिसेना. दुरुस्ती आम्ही केली, बिल मात्र त्यांचं निघालं. हे अजून सलतं.

त्या दुरुस्तीत रुग्णालयाच्या औषधनिर्मात्या मॅडम आमच्यासोबत बसायच्या. जुनं रजिस्टर उघडून रोज ५० नावं. सोपी नावं तपासून काही कळत नाही. कीर्ती, आर्या, ऊर्मिला घ्यावीत. ‘ऊर्मिला’त तर रफार आणि पहिली वेलांटी एकाच अक्षरावर. ती बरोबर उतरली की रूपांतराचा तक्ता (जुन्या कोडला युनिकोडचं कुठलं अक्षर, त्याची यादी) जमला.

२२ जुलै २०२१ ला पुरात वाशिष्ठी नदी ऑफिसात शिरली. सर्व्हर तळमजल्यावर, बॅकअपची डिस्क त्याच टेबलाखाली. चूक आमचीच. सर्व्हरमध्ये रेड-वन होतं, म्हणजे तीच माहिती एकाच वेळी दोन डिस्कवर, पण रेड म्हणजे बॅकअप नव्हे; दोन्ही डिस्क एकाच डब्यात बुडाल्या. भिजलेल्या डिस्कला वीज देऊ नका, उन्हातही ठेवू नका. चिखल तबकडीवर सुकला की माहिती परत काढणाऱ्या लॅबवाल्यांचेही हात टेकतात. ओलीच पिशवीत बंद करून पाठवा. आम्ही दोन डिस्क वाळवल्या आणि दोन्ही गमावल्या.

फर्म बंद करायचंच ठरत होतं. रूपांतराच्या तक्त्याची एक प्रत मॅडमनी रुग्णालयाच्या वरच्या मजल्यावर, कपाटात ठेवली होती. तीवरच पुन्हा उभे राहिलो.

नव्या मंडळींना सांगतो: प्रती तीन, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक गावाबाहेर. महिन्यातून एकदा ती प्रत वेगळ्या मशीनवर उतरवा, नोंदी मोजा, रफाराची दहा नावं शोधून बघा. खाऱ्या हवेने रॅमची टोकं काळी पडतात. मशीन सुरू होईना तर आधी रॅम काढून ती खोडरबरने पुसा. आभा क्रमांक (रुग्णाचा डिजिटल आरोग्य ओळख क्रमांक) १४ अंकी, त्याचा रकाना मजकुराचाच ठेवा. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर फाइल) एक्सेलमध्ये उघडून तशीच सेव्ह केली, तर क्रमांकाचं ९.१ई+१३ होतं आणि पुढचे अंक जातात.

ऑफिस आता दुसऱ्या मजल्यावर आहे. शनिवारची प्रत एन्क्रिप्ट होऊन घाटावर, कराडला जाते.