पंधरा वर्षांची मोटार आणि रामबागेतले घर

आमच्या मोटारीच्या नोंदणीची मुदत येत्या पाडव्याच्या सुमारास संपते. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते आणि त्यानंतर वाहनाची तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते, हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु जे शुल्क पूर्वी 600 रुपये होते ते 1 एप्रिल 2022 पासून 5,000 रुपये झाले आहे, हे आम्हांला कागदपत्रे काढून बसल्यावर कळले. रक्कम फार मोठी नाही. तरी तिच्या निमित्ताने असा प्रश्न उभा राहिला की जुनी मोटार आणखी पाच वर्षे चालवायची, नवी घ्यायची, की मोटारच सोडून बायपासपलीकडच्या बिचोलीतून इंदूर शहराच्या मध्यात, रामबागेच्या आसपास राहायला जायचे. गेले काही महिने आमच्या घरात याच एका विषयावर बोलणे चालू आहे. माझा कल तिसऱ्या पर्यायाकडे आहे, आणि तो का आहे हे मला नीट मांडायचे आहे, कारण इंदुरात आमच्या वयाची अनेक मराठी कुटुंबे याच टप्प्यावर उभी आहेत.

बिचोलीचे घर आणि मोटार या आमच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. मोटार होती म्हणून शहरापासून आठ-नऊ किलोमीटरवर घर घेता आले, आणि घर तिथे असल्यामुळे मोटारीवाचून चालेनासे झाले. मुलगी लहान असताना या व्यवस्थेचा आम्हांला पुरेपूर लाभ झाला: अंगण मिळाले, मोकळी हवा मिळाली, संध्याकाळी मुलांना रस्त्यावर सायकल चालवता आली. आता मुलगी पुण्यात असते. उरलेल्या आम्हां तिघांचे, म्हणजे माझे पती, सासूबाई आणि मी यांचे जवळजवळ सगळे व्यवहार शहराच्या जुन्या भागाशी जोडलेले आहेत. पतींचे कार्यालय महात्मा गांधी मार्गावर, सासूबाईंचे डॉक्टर जेल रोडजवळ, नातेवाईक रामबाग, नारायण बाग आणि लोकमान्य नगर येथे. दूध, भाजी आणि किराणा टाउनशिपच्या दारात मिळतो हे खरे, पण त्यापलीकडचे कोणतेही काम निघाले की किल्ली हातात घ्यावी लागते. सासूबाईंना मोटार चालवता येत नाही, त्यामुळे त्यांना कुणाकडे जायचे असेल तर आमच्यापैकी एकाला वेळ असावा लागतो. आपल्या इच्छेने घराबाहेर पडणे त्यांच्या हाती उरलेले नाही, आणि या संपूर्ण विचारात मला सर्वांत जास्त बोचणारी गोष्ट हीच आहे.

1818 च्या मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी महेश्वराहून इंदुरास आली आणि राजवाड्याभोवतीची वस्ती वाढत गेली. ती पायी चालणाऱ्या, फार तर घोड्यावर किंवा बैलगाडीतून येणाऱ्या माणसांच्या मापाने वसली. म्हणून बर्तन बाजार, शक्कर बाजार, सराफा, सीतलामाता बाजार, खजुरी बाजार हे सगळे एकमेकांपासून काही मिनिटांच्या चालीवर आहेत. भांड्यांना कल्हई, लग्नाची साडी, जुनी पाठ्यपुस्तके आणि सोन्याची दुरुस्ती ही सगळी कामे एकाच फेरीत पायी करता येतात, मोटारीने मात्र यांतले एकही काम सुखाने होत नाही. गाडी लांब कुठेतरी उभी करून शेवटी चालावेच लागते.

पॅट्रिक गेडिस या नगररचनाकाराने होळकर दरबारासाठी तयार केलेला इंदूरचा अहवाल 1918 साली दोन खंडांत प्रसिद्ध झाला. जुन्या मोहल्ल्यांतून सरळ रुंद रस्ते कापून काढण्यास त्याचा विरोध होता. अगदी मोडकळीस आलेली मोजकी घरे तेवढी काढावीत, त्या जागी लहान चौक मोकळे करावेत, झाडे लावावीत आणि बाकीची वस्ती जपावी, असे त्याचे सांगणे होते. शंभर वर्षांनंतर आपण बऱ्याच ठिकाणी नेमके उलट केले. रस्ता रुंदीकरणात कितीतरी जुन्या घरांचे दर्शनी भाग गेले, आणि जी रुंदी मिळाली तिचा मोठा हिस्सा आज उभ्या वाहनांनी व्यापलेला दिसतो. माझ्या मते शहराच्या मध्यात मोटारीसाठी कितीही जागा केली तरी ती पुरणार नाही, आणि जो माणूस तिथे राहायला जाऊ इच्छितो त्याने आपली मोटार तिथे नेऊ नये. नवा शेजारी म्हणून गल्लीला आपण एवढे तरी देणे लागतो.

मध्यात राहणे सोपे आहे, असा माझा दावा नाही. आम्ही रामबाग, इमली बाजार आणि मल्हारगंज या भागांत घरे पाहिली, तेव्हा पहिली अडचण जिन्याची निघाली. जुन्या घरांचे जिने अरुंद आणि उभे असतात, पायऱ्या उंच असतात, आणि भिंतीला कठडा असेलच असे नाही. तीन मजली नव्या इमारतींतही पुष्कळदा लिफ्ट नसते, कारण खाली दुकान आणि वर दोन बिऱ्हाडे एवढाच त्यांचा आवाका असतो. सासूबाईंचे बालपण रामबागेतच गेले, त्यामुळे मला वाटले होते की त्या या कल्पनेने हरखून जातील. त्यांनी शांतपणे विचारले, "अगं, तळमजला आहे का? नसेल तर मी तिथे जाऊनही खिडकीतच बसणार, मग इथे काय वाईट आहे?" त्या दिवसापासून आम्ही वरच्या मजल्यावरची घरे पाहणे बंद केले. शोध त्यामुळे लांबला, पण माझ्या दृष्टीने तो योग्य दिशेला लागला.

दुसरी अडचण रस्त्यावर चालण्याची आहे आणि ती मला जिन्याहून मोठी वाटते. मोटार सोडणे याचा अर्थ पायी चालणे, आणि आपल्या शहराच्या मध्यात चालणे हे आजही धडधाकट माणसाचे काम आहे. सफाईच्या बाबतीत 2017 पासून इंदुराने देशात जे नाव कमावले आहे त्याचा मला मनापासून अभिमान वाटतो. गल्लीतली सकाळ पाहिली की ते नाव सार्थ आहे हे पटते. परंतु पदपथ स्वच्छ असणे वेगळे आणि मोकळा असणे वेगळे. त्यावर दुचाक्या उभ्या असतात, दुकानांचा माल मांडलेला असतो, मध्येच विजेची पेटी येते, आणि चालणाऱ्याला खाली उतरून ई-रिक्षांच्या गर्दीत शिरावे लागते. आम्ही सासूबाईंना बरोबर घेऊन मुद्दाम दिवेलागणीच्या वेळी त्या भागात चालून पाहिले. आतल्या गल्ल्यांत त्या न घाबरता चालल्या, कारण तिथे वाहनांचा वेग आपोआपच कमी असतो. मोठा रस्ता ओलांडताना मात्र त्यांनी माझा दंड घट्ट धरला. यावरून आम्ही एक गोष्ट ठरवली: घर असे हवे की डॉक्टर, औषधांचे दुकान, देऊळ आणि निदान एक नातेवाईक मोठा रस्ता न ओलांडता गाठता यावेत. नकाशावरचे अंतर कमी असल्याने हे साधेलच असे नाही.

आवाज, गर्दी आणि सण यांचाही विचार केला. रंगपंचमीच्या गेरीच्या, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीच्या, दिवशी आणि अनंत चतुर्दशीच्या रात्री, जेव्हा कापडगिरण्यांच्या झाँक्या, म्हणजे देखाव्यांच्या मिरवणुका, पहाटेपर्यंत चालतात, राजवाड्याकडचे रस्ते वाहनांसाठी बंदच असतात. मोटार बाळगून तिथे राहणाऱ्याला ती अडचण आहे. आमच्यासारख्यांना, ज्यांना झाँक्या पाहण्यासाठी आजवर गाडी कुठे लावायची याची काळजी करावी लागे, दारातून चालत जाऊन परत येता येईल. सराफ्यात दिवसा दागिन्यांची दुकाने आणि रात्री खाण्याची, असा क्रम असल्याने तिथली वर्दळ मध्यरात्रीनंतरही संपत नाही, म्हणून अगदी त्या परिसरातले घर आम्ही विचारात घेतले नाही. रामबाग त्या मानाने शांत आहे.

घर बिचोलीतच ठेवून फक्त मोटार सोडावी, हा मधला मार्ग माझ्या पतींनी सुचवला आणि त्यावर आम्ही बराच काळ चर्चा केली. त्यासाठी भरवशाची सार्वजनिक वाहतूक हवी. आग्रा-मुंबई मार्गावर 2013 साली निरंजनपूर ते राजीव गांधी चौक असा सुमारे साडेअकरा किलोमीटरचा, बससाठी राखून ठेवलेला मार्ग सुरू झाला. आमच्या घरापासून तो दूर असला तरी पलासियापर्यंत पोचले की पुढचा प्रवास ठरलेल्या वेळेत होत असे. फेब्रुवारी 2025 मध्ये उच्च न्यायालयाने तो मार्ग काढण्याचा आदेश दिला. त्यामुळे इतर वाहनांची कोंडी कमी व्हावी ही अपेक्षा मी समजू शकते, पण बसची स्वतंत्र वाट गेली की बसही त्याच कोंडीत उभी राहते आणि मग मोटार सोडण्याचे एक मोठे कारणच नाहीसे होते. मेट्रो 31 मे 2025 रोजी सुरू झाली खरी, मात्र तिचा पहिला टप्पा गांधी नगर ते सुपर कॉरिडॉर असा सुमारे सहा किलोमीटरचा, शहराच्या आमच्या विरुद्ध टोकाला आहे. मेट्रोचा वर्तुळाकार मार्ग पूर्ण झाल्यावर चित्र बदलेल. आमचे निर्णय तोवर थांबण्यासारखे नाहीत. मधल्या मार्गाचा विचार आम्ही त्यामुळे सोडला.

पैशांचा हिशेब मी स्वतः मांडला. दहा लाखांची मोटार घेतली, ती दहा वर्षे वापरली आणि शेवटी दोन लाखांना विकली, तर वर्षाला 80,000 रुपये केवळ तिच्या घसाऱ्याचे होतात. विमा, सर्व्हिसिंग आणि टायर-बॅटरी मिळून सरासरी 35,000 धरले, तर एक थेंब पेट्रोल न भरता वर्षाला 1,15,000 रुपये जातात. एका टॅक्सीफेरीला 200 रुपये धरले तर एवढ्या पैशांत वर्षाला साडेपाचशेहून अधिक फेऱ्या होतात, म्हणजे दिवसाला दीड. रामबागेत राहिल्यावर एवढ्या फेऱ्यांची गरजच पडणार नाही. जुनी मोटार पुढे चालवली तर घसारा फारसा नसेल, पण दुरुस्तीचा खर्च वर्षागणिक वाढेल. या हिशेबात घरभाडे धरलेले नाही, हेही सांगितले पाहिजे. आम्ही बिचोलीचे घर विकणार नसून भाड्याने देणार आहोत, आणि त्या भाड्यात जुन्या भागातले तळमजल्याचे घर साधारण बसते. मोटार नसल्याने वाचणारी रक्कम त्यामुळे खरोखरच हाती राहते.

आप्तेष्टांचा सर्वांत मोठा आक्षेप रात्रीच्या आजारपणाचा असतो. म्हातारे माणूस घरात आहे, मध्यरात्री काही झाले तर दारात गाडी हवी, असे ते काळजीने सांगतात आणि त्यांची काळजी मला समजते. पण मी उलट बाजूने विचार करते. आज मध्यरात्री सासूबाईंना काही झाले तर आम्हांला बायपास ओलांडून शहरात यावे लागते, आणि गाडी चालवणारा माणूस स्वतःच घाबरलेला असतो. रामबागेतून महाराजा यशवंतराव रुग्णालय आणि इतर मोठी रुग्णालये जवळ आहेत, 108 क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, आणि हाक मारल्यावर धावून येतील असे दोन चुलत दीर त्याच भागात राहतात. शिवाय छातीत दुखणाऱ्या माणसाला मोटारीच्या मागच्या आसनावर बसवून नेण्यापेक्षा प्राणवायूची सोय असलेल्या रुग्णवाहिकेतून नेणे केव्हाही चांगले.

जे गमवावे लागेल त्याचे मला दुःख आहे. अंगणातला पारिजातक मी लावलेला आहे. देवासला किंवा मांडूला मनात आले की निघता येणार नाही. देवाससाठी सरवटे स्थानकावर आणि धार-मांडूसाठी गंगवाल स्थानकावर जाऊन बस पकडावी लागेल, किंवा त्या दिवसापुरती टॅक्सी ठरवावी लागेल. पतींना मोटार चालवण्याची मनापासून आवड आहे. त्यांनी अजून पूर्ण होकार दिलेला नाही आणि मी त्यांच्यावर घाई करत नाही.

तूर्त एवढे ठरले आहे की तळमजल्याचे घर अकरा महिन्यांच्या करारावर घ्यायचे आणि एक उन्हाळा व एक पावसाळा तिथे काढून पाहायचा. मोटारीची नोंदणी वाढवायची नाही. नोंदणीकृत केंद्रात ती भंगारात दिली तर मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नव्या खासगी वाहनाच्या करात 25 टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद आहे, आणि ते प्रमाणपत्र दुसऱ्याच्या नावे करता येते. पुतण्याला पुढच्या वर्षी मोटार घ्यायची आहे, त्याला ते देता येईल. मुदत संपण्यापूर्वी कुणी चांगला गिऱ्हाईक मिळाला तर विकण्याचाही पर्याय आहे. तसे झाल्यास परिवहन कार्यालयात नाव बदलण्याचे 29 आणि 30 क्रमांकाचे अर्ज भरून द्यायचे, विक्रीची सूचना चौदा दिवसांत द्यायची आणि नोंदवहीत नव्या मालकाचे नाव चढल्याची खात्री करून घ्यायची, कारण नाव आपलेच राहिले तर पुढच्या अपघाताची जबाबदारीही आपल्यावर येऊ शकते. रविवारी नारायण बागेतले एक घर पाहायला जायचे आहे. त्याला पुढे दोनच पायऱ्या आहेत असे घरमालकांनी फोनवर सांगितले आहे, आणि सासूबाईंनी स्वतः येऊन त्या चढून पाहण्याचे ठरवले आहे.