पाऊस कुठवर आला?

आमच्या डोंबिवलीत पावसाबद्दलही गाडीसारखंच बोलतात. खालचा इस्त्रीवाला, दुसऱ्या मजल्यावरच्या काकू, कामाला येणाऱ्या मावशी, सगळ्यांचा मला जूनपासून एकच प्रश्न असतो, "ताई, कुठवर आला?" मीही आभाळाकडे न बघता, फोनकडे बघत सांगते, "टिटवाळ्याला आहे." जणू आसनगाव लोकलच.

हा मान मला मिळाला तो फोनवरच्या रडारमुळे. हवामान खात्याचं एक रडार कुलाब्याला आहे, दुसरं जोगेश्वरीजवळ वेरावलीला. हे दुसरं जानेवारी २०२२ मध्ये सुरू झालं. तबकडी गोल फिरत आभाळात लहरी सोडते, त्या थेंबांवर आपटून परत येतात आणि नकाशावर रंग उमटतात. निळा म्हणजे भुरभुर, हिरवा म्हणजे छत्री, पिवळा म्हणजे रिक्षा, लाल म्हणजे घरीच थांबा. हा अर्थ माझा, खात्याचा नाही.

पहिल्यांदा ते चित्र उघडलं तेव्हा त्यावरची वेळ साडेपाच तास मागची दिसली. सरकारी काम म्हणून मी नाक मुरडलं. पुढं कळलं की ती वेळ जागतिक प्रमाणवेळ आहे आणि आपण त्यात साडेपाच तास मिळवायचे. तेवढे मिळवले तरी चित्र दहा-पंधरा मिनिटं शिळंच असतं, ती गोष्ट वेगळी. गाडी सुटून गेल्यावरही इंडिकेटरवर तिचंच नाव लुकलुकत राहतं, तसं.

हळूहळू माझ्या लक्षात आलं की पावसालाही अप आणि डाउन आहे, म्हणजे मुंबईकडे जाणारा आणि मुंबईकडून येणारा. मे महिन्यातला वळीव अप गाडीनं येतो. दुपारी सह्याद्री तापतो, घाटमाथ्यावर ढग उभे राहतात आणि वरच्या थरातला पूर्वेकडचा वारा त्यांना खाली कोकणात ढकलतो. मुरबाड, मग टिटवाळा, मग कल्याण. जून उजाडला की वेळापत्रक उलटं. आता पाऊस समुद्रावरून निघतो, वसई नाहीतर अंधेरीकडून खाडी ओलांडतो आणि ठाण्यावरून डाउन मार्गानं आमच्याकडे. ऑक्टोबरात, परतीच्या पावसात, पुन्हा अप. हे मला शाळेच्या भूगोलात कुणी सांगितलं असतं तर चार मार्क जास्त पडले असते.

चित्राचं मापन माझ्या करंगळीनं चालतं. दहा मिनिटांपूर्वीचं चित्र आणि आत्ताचं चित्र यात ठिपका नखभर सरकला असेल, आणि तो ठिपका आमच्यापासून चार नखं लांब असेल, तर चाळीस मिनिटं. एवढ्यात भाजी आणून होते, कपडे आत घेऊन होतात आणि आठ-बावीस गाठायची की आठ-अडतीस, हे ठरतं.

याच हिशेबानं एकदा काकूंच्या कुरडया बुडवल्या. म्हणजे बुडू दिल्या नाहीत, तेच चुकलं. मेचा तिसरा आठवडा, गच्चीवर चार साड्यांवर गव्हाच्या चिकाच्या कुरडया, सकाळपासून कडक ऊन. चार वाजता मुरबाडवर लालभडक ठिपका उमटला. मी करंगळी लावली आणि जिन्यातून ओरडत गेले, "तासाभरात येतोय!" पाच बायका गच्चीवर धावल्या. अर्धवट वाळलेल्या कुरडया साडीपासून सुटेनात, सुटल्या त्या मोडल्या, मोडल्या नाहीत त्या एकमेकींना चिकटल्या. पाच वाजले, सव्वापाच वाजले, गच्चीवर स्वच्छ ऊन. ठिपका वाट बदलून पनवेलच्या बाजूला निघून गेला होता. काकू एवढंच म्हणाल्या, "पाऊस आला असता तर परवडलं असतं."

नंतर मी जरा वाचलं. थेंबाचा व्यास दुप्पट झाला की त्याच्याकडून परतणारी लहर चौसष्ट पट जोरकस होते. म्हणून वळवाचे मोजके टपोरे थेंब रडारला आक्रस्ताळे दिसतात, आणि आषाढातली रिपरिप, जी तीन दिवस टॉवेल वाळू देत नाही, ती नकाशावर गरीब निळीशी पडून राहते. घरात जसं आदळआपट करणाऱ्याकडे आधी लक्ष जातं, तसंच. शिवाय रडारचा किरण सरळ जातो आणि पृथ्वी खाली वळते. महाबळेश्वरापर्यंत पोचेतो तो जमिनीच्या बराच वर गेलेला असतो. घाटात ढग खाली बसून धो धो ओतत असले तरी याची नजर त्यांच्या डोक्यावरून जाते. उलट, एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत वर पाऊस पडताना दिसतो आणि तो जमिनीवर पोचायच्या आत विरून जातो.

या रडारला डॉप्लर का म्हणतात, तेही तेव्हाच कळलं. फलाटावर उभं असताना मेल भोंगा वाजवत निघून जाते, तेव्हा भोंग्याचा सूर जवळ येताना चढा आणि लांब जाताना उतरता होतो. परतणाऱ्या लहरीतल्या अशाच फरकावरून रडार थेंब जवळ येताहेत की लांब जाताहेत ते ओळखतं. १८४२ मध्ये डॉप्लर नावाच्या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानं हे गणितात मांडलं, आणि १८४५ मध्ये नेदरलँड्समधल्या बाइज बॅलट नावाच्या माणसानं उट्रेक्टजवळ चक्क आगगाडीवर कर्णेवाले बसवून ते पडताळून पाहिलं. हा माणूस हवामानशास्त्रज्ञ! पुढं तिकडची हवामान संस्था त्यानंच उभी केली. म्हणजे पाऊस आणि आगगाडी यांची सोयरीक डोंबिवलीकरांनी जुळवलेली नाही, ती आधीचीच आहे.

२६ जुलै २००५ ला मुंबईत असं डॉप्लर रडार नव्हतं. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच शहरात, कुलाब्याला, अवघा ७४. मी तेव्हा कॉलेजात होते. कुलाब्याजवळच्या फोर्टमधली मैत्रीण फोनवर म्हणत होती, "काय गं, एवढा कुठं आहे पाऊस?" आणि माझे बाबा कुर्ल्याच्या रुळांवरून कमरेएवढ्या पाण्यातून चालत होते. ते दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचले. रडार असतं तरी ते कुर्ल्यात अडकलेच असते, कदाचित. पण आई रात्रभर गॅलरीत उभी राहून, डोंबिवलीच्या आभाळावरून कुर्ल्याचा अंदाज बांधत होती, ते मी विसरलेले नाही. आता तीच आई साडेसहा वाजता मला फोन करून, मी कुठवर आले ते विचारण्याआधी पाऊस कुठवर आला ते विचारते.

जुलै-ऑगस्टात मात्र माझी करंगळी वारंवार तोंडघशी पडते. कारण काही ढग कुठूनच येत नाहीत. नकाशा कोरा असतो, मी पायजमे वाळत घालते, आणि वीस मिनिटांत बरोबर आपल्याच डोक्यावर हिरवं, मग पिवळं. ना अप, ना डाउन. डोंबिवलीहूनच सुटणारी लोकल. तिची घोषणा होईस्तोवर खिडक्या भरलेल्या असतात.

परवा घाटकोपरला गाडी थांबली असताना सोसायटीच्या ग्रुपवर नेहमीचा प्रश्न आला. मी चित्र उघडलं, साडेपाच तास मिळवले, करंगळी लावली आणि ऐटीत लिहिलं, "दिवा सोडलं. पंधरा मिनिटं आहेत, कपडे काढा."

काकूंचं उत्तर लगेच आलं. "काढले. ओले आहेत."