बोनेअरला कॉन्डोत राहून डायव्हिंग: टँक, ट्रक आणि बोटीची जुळवाजुळव

फेब्रुवारीत आम्ही चौघं आठ दिवस बोनेअर या कॅरिबियनमधल्या बेटावर जाऊन आलो, मी, नवरा, ताई आणि भावोजी. परत आल्यापासून ह्यूस्टनमधले ओळखीचे लोक एकच विचारतायत की रिसॉर्ट न घेता कॉन्डो म्हणजे भाड्याचा फ्लॅट घेतलात तर डायव्हिंगचं कसं जमवलंत, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून काढते.

कॉन्डो का घेतला ते आधी. आम्ही दोघं डाइव्ह करतो, ताई-भावोजी करत नाहीत, त्यात ताई शाकाहारी आणि तिचा गुरुवारचा उपास, त्यामुळे डायव्हिंग रिसॉर्टचं ठरलेलं जेवणाचं पॅकेज आमच्या काही कामाचं नव्हतं. दोन बेडरूम, स्वयंपाकघर, बाल्कनी असा कॉन्डो क्रालेंडाइक या मुख्य गावात मिळाला. कुकर आणि साबुदाणा घरून नेला, बाकी भाजी-दूध-दही व्हान डेन ट्वील नावाच्या मोठ्या सुपरमार्केटमध्ये मिळतं, नळाचं पाणी समुद्राचंच गोडं केलेलं असतं ते सरळ पिता येतं, बाटल्या विकत घेऊ नका. डॉलर चालतात, तिथलं चलनच ते आहे.

आता मुद्दा. बोनेअरचा पश्चिम किनारा वाऱ्याच्या आडोशाला आहे आणि प्रवाळ अगदी किनाऱ्यालगत सुरू होतं, म्हणजे बोट लागतच नाही. रस्त्याच्या कडेला पिवळा रंग दिलेले दगड ठेवलेत, त्यावर साइटचं नाव, दगड दिसला की ट्रक लावायचा, हवेचा टँक पाठीवर चढवायचा, बडी म्हणजे जोडीदाराबरोबर पाण्यात उतरायचं, गाइड वगैरे कोणी नसतो. मी पहिल्यांदा पाण्याखाली तोंड घातलं ते मालवणला, तिथे होडीतून नेतात आणि इन्स्ट्रक्टर आपल्याला धरून खाली फिरवतो. इथे सगळं आपल्यावर, कधी उतरायचं, किती खोल, कधी परत फिरायचं, म्हणून ओपन वॉटर म्हणजे पहिल्या पातळीचं सर्टिफिकेट हातात असलं तरी थोड्या डाइव्ह झाल्याशिवाय एकदम इथे स्वतःच्या जिवावर येऊ नका असं मी मनापासून सांगेन, किंवा पहिले दोन दिवस डाइव्ह शॉपमधून गाइड घ्या.

रिसॉर्टमध्ये टँक दारात असतात, सामान धुवायला हौद असतो, ओलं सामान ठेवायला लॉकर असतो. कॉन्डोत यातलं काहीच नसतं आणि हे आम्ही बुकिंगच्या आधी नीट विचारलं नाही. "डायव्हिंगचं सामान धुता येईल ना?" एवढंच विचारलं, उत्तर आलं हो. प्रत्यक्षात कॉन्डो दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, नळी जोडायला बाहेर नळ नाही, आणि पहिल्याच संध्याकाळी वेटसूट बाल्कनीच्या कठड्यावर वाळत घातले तर मॅनेजरचा मेसेज की हे चालणार नाही. चार दिवस आम्ही बाथरूमच्या टबात बीसीडी (हवा भरून तरंगायचं जॅकेट) धुतली, सगळीकडे वाळू, ताईला तिथेच आंघोळ करायची, फार वाईट वाटायचं. तेव्हा विचारताना असं विचारा: तळमजला आहे का, बाहेर नळ आणि नळी आहे का, ओलं सामान रात्री कुठे ठेवायचं, आणि टँक आवारात ठेवू देतात का. या चारांची उत्तरं लेखी घ्या. उत्तरं समाधानकारक नसतील तर डाइव्ह शॉपमध्येच लॉकर मागा, बऱ्याच शॉपमध्ये असतो, पाचव्या दिवसापासून आम्ही तेच केलं आणि सुटलो.

गाडी म्हणजे डबल कॅब पिकअप ट्रकच घ्या, मागे टँक ठेवायची फळी असलेला. डाइव्ह शॉप आणि ट्रक वेगवेगळ्या ठिकाणचे असले तरी चालतं, पण ट्रक सीझनमध्ये संपतात, तो आम्ही कॉन्डोच्या आधी बुक केला होता आणि ते बरंच झालं. शॉपमध्ये अनलिमिटेड एअरचं पॅकेज मिळतं, सहा दिवसांचं घेतलं, रोज जाऊन हवे तेवढे टँक उचलायचे, रिकामे टाकायचे. काही शॉपना ड्राइव्ह-थ्रू आहे, ट्रक थेट आत, उतरा, टँक मागे चढवा, निघा. नायट्रॉक्स म्हणजे ऑक्सिजन जास्त असलेली हवा, त्याचं कार्ड असेल तर तीच घ्या, दिवसाला तीन-चार डाइव्ह होतात, पण प्रत्येक टँकचं ऑक्सिजन स्वतः मीटरने मोजायचं आणि टेपवर लिहायचं, दुसऱ्याने मोजलेलं चालवून घेऊ नका. एक दिवस नवऱ्याने मोजला तर ३२ टक्क्यांच्या जागी मीटर भलतंच दाखवत होता, टँक परत केला, दुसरा घेतला.

पहिल्या दिवशी कागदपत्रांतच अर्धा दिवस जातो. बेटावर यायचा टॅक्स ७५ डॉलर, आणि स्टिनापा म्हणजे मरीन पार्क सांभाळणारी संस्था, तिची नेचर फी ४० डॉलर, दोन्ही निघायच्या आधी ऑनलाइन भरा आणि पावती फोनमध्ये ठेवा, शॉपमध्ये पहिलं तेच मागतात. नेचर फीच्या त्याच पावतीवर उत्तरेकडच्या वॉशिंग्टन स्लागबाई पार्कमध्येही जाता येतं. मग ओरिएंटेशन आणि चेक डाइव्ह (सामान आणि वजनं तपासायची पहिली सोपी डाइव्ह), हे दोन्ही केल्याशिवाय टँक देत नाहीत. कंटाळा करू नका. १९७९ पासून हे मरीन पार्क आहे, भरतीच्या रेषेपासून ६० मीटर खोलीपर्यंतचं सगळं त्यात येतं, हातमोजे घालायला बंदी आहे, प्रवाळाला हात लावायचा नाही, वाळूतला शंखसुद्धा उचलायचा नाही. २०२३ मध्ये प्रवाळाचा रोग बेटावर पोचला, स्टोनी कोरल टिश्यू लॉस डिसीज, मेंदूसारखी दिसणारी जुनी प्रवाळं त्यात पांढरी पडून मरतायत. आम्ही काही ठिकाणी तो पांढरा पट्टा कडेने सरकत गेलेला जवळून बघितला आणि दोघांनाही पाण्यातच कसंतरी झालं. शॉपमध्ये सामान बुडवायला जंतुनाशकाचे टब असतात, एका साइटवरून दुसऱ्या साइटवर जाताना कृपया वापरा, पाच मिनिटं जातात फक्त.

किनाऱ्यावरून उतरताना खरा त्रास पाण्यात नाही, कडेला आहे. रेती जवळजवळ कुठेच नाही, मेलेल्या प्रवाळाचे तुकडे नाहीतर शेवाळलेला खडक, त्यावर पाठीला टँक. जाड तळव्याचे बूट आणि मागे पट्टा असलेले फिन्स पाहिजेतच. आम्ही असं करायचो, एकमेकांचा हात धरून कमरेएवढ्या पाण्यापर्यंत, मग लाट गेली की बीसीडीत हवा भरून तरंगायचं आणि तिथे फिन्स चढवायचे. पहिल्या डाइव्हसाठी विमानतळाशेजारची विंडसॉक ही साइट चांगली, उतरायला सोपं. वन थाउजंड स्टेप्सच्या पायऱ्या सत्तरच्या आसपास आहेत, पण टँक घेऊन वर येताना नाव का पडलं ते कळतं, सकाळीच करा. त्याच्या पुढे कार्पाटा या साइटकडे जाणारा रस्ता एकदिशा आहे, मागे वळता येत नाही, रिंकोन गावावरून फिरून यावं लागतं, हे धरून टँक मोजून न्या. पाण्यात उतरण्याआधी मागे वळून किनाऱ्यावरची खूण बघायची, कंपासवर दिशा लावायची, आणि आधी पाण्याच्या ओढीच्या विरुद्ध जायचं, म्हणजे परतताना ओढ आपल्या बाजूने असते.

हिल्मा हूकर चुकवू नका. हे मालवाहू जहाज १९८४ मध्ये गांजासकट पकडलं गेलं होतं, मग बेटाजवळच बुडालं, आता उजव्या कुशीवर तीसेक मीटरवर आडवं पडलंय. वरून खाली जाताना निळ्यातून आधी नुसती सावली दिसते, मग एकदम पूर्ण जहाज. आत शिरू नका.

ट्रकमध्ये काहीही ठेवायचं नाही, काचा उघड्या, दार लॉक न करता, तिथली रीतच आहे, नाहीतर काचा फुटतात. फोन-पाकीट कॉन्डोत, किल्ली बीसीडीला क्लिपने. किल्ली साधी धातूची मागून घ्या, रिमोटवाली पाण्यात नेता येत नाही.

आता बोट. समोरच्या क्लाइन बोनेअर या निर्जन बेटावर डाइव्ह करायचं तर बोटच लागते. आमची चूक ही की आम्ही पहिल्याच दोन दिवसांच्या बोटी घरून बुक केल्या. चेक डाइव्ह झाली नाही म्हणून पहिली गेली, पैसे परत मिळाले नाहीत. दुसरीला वाटलं बोट आमच्या जवळच्या धक्क्यावर येईल, तर ती शॉपच्या धक्क्यावरून सुटायची आणि सामान लावायला अर्धा तास आधी पोचायचं होतं. धावतपळत गेलो, नवऱ्याची पाण्यात खाली राहायला लागणारी वजनं ट्रकमध्येच राहिली. तिथे पोचल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवसाची बोट बुक करा, कुठून सुटते, टँक आणि वजनं कोण आणतं, किती वेळ आधी, हे तोंडी विचारून घ्या. आम्हाला दोन बोट डाइव्ह पुरेशा झाल्या, तिथलं प्रवाळ मात्र फार सुंदर आहे, त्यासाठी जाच. न डाइव्ह करणाऱ्यांसाठी वॉटर टॅक्सी आहे, ती नो नेम बीचला सोडते, तिथून ताईने स्नॉर्केलने ओढीबरोबर वाहत कासव बघितलं, दोन दिवस तेच सांगत होती.

एक रात्रीची डाइव्ह गावाच्या किनाऱ्यावर नक्की करा. टॉर्चचा झोत एका छोट्या माशावर जरा जास्त वेळ राहिला, आणि माझ्या खांद्यावरून माणसाएवढा चांदीसारखा टारपन मासा झपकन पुढे गेला, तो छोटा मासा नाहीसा. ते आपल्या उजेडात शिकार करतात. त्यानंतर मी झोत कुठल्याच माशावर धरला नाही, वाळूवर ठेवला.

शेवटची डाइव्ह आणि विमान यात पूर्ण दिवस सोडा, आम्ही २४ तास धरले, डाइव्हचा इन्शुरन्स आधीच घेतलेला होता. त्या मोकळ्या दिवशी दक्षिणेला गेलो, मिठागरांचं गुलाबी पाणी, फ्लेमिंगो, आणि मिठागरात राबणाऱ्या गुलामांसाठी बांधलेल्या छोट्या पांढऱ्या खोल्या, दार इतकं ठेंगणं की भावोजींना वाकून बघावं लागलं. ते बराच वेळ तिथे उभे होते. संध्याकाळी उजेड असतानाच परत या, रस्त्यावर गाढवं मोकळी फिरतात. सामान मात्र आदल्या रात्रीच धुऊन पंख्याखाली टाका, आमची बीसीडी ओलीच बॅगेत गेली आणि वजन भरलं जास्त.