खुंटा कुठं ठोकायचा?

वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाच्या जलाशयात मुक्कामी नावा आल्या तर त्यांना बांधणीचं भाडं किती आणि परवान्याच्या शर्ती कोणत्या, याचा मसुदा करायचं काम माझ्याकडे आलं. मी कनिष्ठ अभियंता. पाण्याची पातळी, विसर्ग, गळती हे माझे विषय. पाण्यावर राहणाऱ्या माणसाला दर कसा लावतात, हे मला कुणाला विचारावं तेही कळेना.

मग वाचत बसलो. इंग्लंडच्या कालव्यांवर नावेच्या आकारावर परवान्याचं शुल्क ठरतं. ज्या नावेला स्वतःची बांधायची जागा नाही, तिला १९९५ च्या कायद्यानं एका ठिकाणी साधारणपणे १४ दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही. मला ते पटलं. मीही लांबी गुणिले रुंदी असा तक्ता केला, वर्षाचा एकच दर धरला आणि कार्तिकात जलाशयाकाठच्या आंभोऱ्याच्या वरच्या अंगाला चुन्याच्या खुणा करून सहा खुंटे ठोकून आलो.

चैत्रात पाहणीला गेलो तेव्हा ते सहाही खुंटे भेगाळलेल्या गाळात उभे होते. पाणी पार लांब, चांगली दहा मिनिटांची चाल. चूक माझीच होती. कालव्याचं पाणी झडपा लावून एका पातळीत ठेवलेलं असतं. आपला जलाशय समुद्रसपाटीपासून २४५.५०० मीटरला भरतो आणि उन्हाळ्यापर्यंत उतरत जातो. वैनगंगेचं खोरं सपाट, म्हणून पातळी हातभर उतरली तरी काठ शेतभर मागे जातो. इथं जागेचं भाडं घेताच येत नाही, कारण जागाच टिकत नाही.

पाण्याच्या कडेला एक ढिवर, म्हणजे मासेमार कुटुंब राहत होतं. निळ्या ड्रमांवर बांबू, त्यावर फळ्या, वर टिनाची खोली. जाळ्यांच्या राखणीला आठ महिने तिथंच मुक्काम. मी टेप काढला. बारा फूट बाय पंधरा. माझ्या तक्त्याप्रमाणे ही सरळ ‘मुक्कामी नाव’ होत होती, आणि तिचं वर्षाचं भाडं त्या घरच्या बाईंना सांगायला माझी जीभ उचलेना.

मी विचारलं, “मावशी, दोरी कशी बांधता?”

त्यांनी दाखवलं. एक दोरी काठाला, दुसरी पाण्यात सोडलेल्या जड दगडाला. काठाची दोरी ताठ ठेवली अन् वरून पाणी आलं, तर तराफा एका अंगाला दबतो. ढिली ठेवली, तर वाऱ्यानं भलतीकडे जातो. म्हणून वीतभर झोळ.

“रोज सकारी पायतो जी. पानी उतरलं का दोरी सोडाची, चढलं का ओढाची.”

माझ्या शर्तींत खांब, कडी, साखळी सगळं लिहिलेलं होतं. हा वीतभर झोळ नव्हता. तो मी तिथंच वहीत घेतला. खांबावर वरखाली सरकणारी कडी नंतर नकाशात काढली ती त्यावरूनच, आणि त्या नकाशाचा मला अभिमान आहे.

पुढची शर्त वाचली आणि अडकलो. ‘मैल्यासाठी बंद टाकी अनिवार्य, पाण्यात काही सोडल्यास परवाना रद्द.’ शर्त योग्यच आहे. पण तराफ्याभोवती जलपर्णीचा हिरवा थर होता आणि वास येत होता. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला मिळतं आणि कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत उतरते.

मावशीचे यजमान एवढंच बोलले, “साहेब, नागपूरच्या नालीले कोन्ता परवाना हाय?”

मला उत्तर देता आलं नाही. अजूनही येत नाही.

कार्यालयात मी दोन तक्ते मांडले. खोल्या भाड्यानं देणाऱ्या नावांना क्षेत्रफळावर दर, तोही नाव तरंगेल एवढं पाणी असेल तेवढ्याच महिन्यांचा. राखणीच्या तराफ्यांना फक्त नोंद, शुल्क नाही. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात बिनयंत्राच्या नावांची नोंद स्थानिक स्वराज्य संस्थेकडे आहे, तोही आधार जोडला. वरिष्ठ म्हणाले, “एका पाण्यावर दोन दर कसे? ऑडिटला काय सांगाल?” ते वाईट गृहस्थ नाहीत, पण त्यांनी जलाशय नकाशातच पाहिलाय, आणि नकाशात काठाची रेघ एकच असते.

फाईल दोनदा परत आली. दुसऱ्या वेळी शेरा होता, ‘रात्रीच्या मुक्कामास विनापरवाना बंदी’ हे कलम ठेवावे. ते कलम पहिल्या मसुद्यात मीच लिहिलेलं, सुरक्षेसाठी, खुर्चीत बसून. आता ते काढायला कारण मागतात. मी कारणाच्या रकान्यात त्या तराफ्याचं माप लिहिलं, राखणीचे आठ महिने लिहिले आणि फाईल तिसऱ्यांदा वर पाठवली.

पाऊस तोंडावर आलाय. पाणी चढायला लागलं की ते सहा खुंटे पुन्हा बुडतील. मी अजून ते उपटलेले नाहीत.