इटालियन अपडेट: मोंतालबानो, जुनी गाणी आणि शब्दाचा शेवटचा स्वर

मी गाण्यांतून आणि सिरियलमधून इटालियन शिकतेय, त्याच्या मागच्या अपडेटनंतर बराच गॅप पडला, पण मधल्या काळात एक गोष्ट खरंच बदललीय आणि ती लिहिल्याशिवाय राहवत नाहीये. आता मला इटालियन शब्दाचा शेवटचा स्वर ऐकू येतो. आधी शब्दाचं मूळ कळलं की मी पुढे जायचे, शेपटाकडे लक्षच नसायचं. आता पार्तीतो (गेला) आणि पार्तीता (गेली) यातला फरक चालू संवादातही लगेच कानाला लागतो, आणि इटालियनचं अर्धं व्याकरण त्या शेवटच्या स्वरातच बसलेलं असतं.

हे गाण्यांमुळे झालं. 'आद्झुर्रो' नावाचं 1968 चं गाणं आहे, आद्रियानो चेलेंतानोनी गायलेलं, पाओलो कोंते आणि वितो पाल्लाविचिनी यांचं. उन्हाळा आहे, ती समुद्रावर निघून गेलीय आणि हा शहरात एकटा मागे राहिलाय, एवढीच गोष्ट. सुरुवातीलाच ती गेल्याचं सांगताना 'ए पार्तीता' येतं. गाणं रिपीटवर लावून मी फक्त शेवटचे स्वर देवनागरीत उतरवत गेले, अर्थ नाही, स्पेलिंग नाही, नुसतं ता, तो, ती, ते. तो गेला तर पार्तीतो, ती गेली तर पार्तीता, ते गेले पार्तीती, त्या गेल्या पार्तीते. अहो, हे तर आपलंच आहे! मी 'सोनो आन्दाता' म्हणणार आणि माझा भाऊ 'सोनो आन्दातो', जसं मी गेले म्हणते आणि तो गेलो म्हणतो. इंग्रजीतून शिकवणारी पुस्तकं यावर पानंच्या पानं घालवतात, आपण मराठीतून सरळ गेलो तर विषयच संपतो.

त्याहून भारी पुढे आहे. मी पोळी खाल्ली, मी आंबा खाल्ला, आपलं क्रियापद खाणाऱ्याकडे न बघता खाल्लेल्या वस्तूकडे बघतं. इटालियनमध्ये साध्या वाक्यात तसं होत नाही, 'ओ मांजातो ला पित्सा', पित्सा स्त्रीलिंगी असूनही मांजातोच. पण पित्साच्या जागी सर्वनाम आलं आणि ते क्रियापदाच्या आधी बसलं की लगेच 'लो मांजाता' होतं, खाल्ली! हे सिरियलमध्ये पहिल्यांदा आपोआप कानावर पकडलं तेव्हा मी पॉज करून तोच सीन परत परत ऐकला, इतका आनंद झाला. 'मी पियाचे'चंही तसंच, मला आवडतं. गाणं एक असेल तर मी पियाचे, गाणी अनेक असतील तर मी पियाच्चोनो, मला आवडतात. उलटंसुलटं काही करावंच लागत नाही.

सिरियल अजून तीच, 'इल कोम्मिस्सारियो मोंतालबानो'. आंद्रेआ कामिल्लेरीच्या कादंबऱ्यांवरची, इटलीच्या सरकारी राय वाहिनीवर 1999 ला सुरू झालेली, लुका झिंगारेत्ती इन्स्पेक्टर. गोष्ट घडते ते विगाता गाव काल्पनिक आहे पण शूटिंग बरंचसं सिसिलीतल्या रागुसा भागातलं, त्यामुळे दगडी जिने आणि ऊन बघूनच अर्धा जीव तिकडे जातो. एकेक भाग सिनेमाएवढा लांब असतो, म्हणून मी एका बैठकीत संपवत नाही, एक सीन घेते, आधी सबटायटल्स बंद, मग इटालियन सबटायटल्स, मग परत बंद. इंग्रजी सबटायटल्स लावायचे नाहीत, डोळे वाचत बसतात आणि कान झोपतात. फोन उचलून मोंतालबानो 'मोंतालबानो सोनो', म्हणजे 'मी मोंतालबानो आहे' म्हणतो ते लक्ष देऊन ऐका. नेहमीच्या इटालियनमध्ये सोनो आधी येईल, सिसिलीची ढब क्रियापद शेवटी टाकते, आणि आपल्या कानाला ते एकदम घरचं वाटतं. शिवाय पुस्तकात 'हा फक्त लिखाणात' म्हणून सांगितलेला भूतकाळ, पास्सातो रेमोतो, सिसिलीत रोजच्या बोलण्यात येतो, तो इथेच ऐकायला मिळतो. त्याच्या ठाण्यातल्या कातारेल्ला या पोलिसाचं बोलणं मात्र नव्यांनी सोडून द्या, तो मुद्दाम मोडूनतोडून बोलतो.

एक सांगायचंच होतं. अमेरिकन सिरियल इटालियन डबिंगमध्ये बघणाऱ्यांनी जरा जपून. डबिंग आणि सबटायटल्स बरेचदा वेगवेगळे केलेले असतात, कानावर एक वाक्य पडतं आणि खाली दुसरंच लिहिलेलं असतं, सुरुवातीला त्यानी फार गोंधळ होतो. मूळ इटालियन सिरियलच घ्या. पण 'लामिका जेनियाले' एवढ्यात नको, त्यात नापोलीची (नेपल्स शहराची) बोली इतकी आहे की खुद्द इटलीतही ती सबटायटल्स लावून दाखवली.

उच्चारात आपल्याला सोपं काय तर त, द आणि जोडाक्षरं. पक्का, सत्ता, गल्ली म्हणणाऱ्याला पाला आणि पाल्ला वेगळे काढायला काही कष्ट नाहीत, पहिलं फावडं, दुसरा चेंडू.

टीव्ही बघून भाषा शिकणं म्हणजे टाइमपास असं कोणी म्हटलं की मला आल्बेर्तो मान्झी आठवतो. 1861 ला इटली एक झाली तेव्हा इटालियन बोलणारे जेमतेम अडीच टक्के असावेत असा तुल्लिओ दे माउरो या भाषातज्ज्ञाचा अंदाज आहे, बाकी सगळे आपापल्या बोलीत. रायचं टीव्ही प्रसारण 3 जानेवारी 1954 ला सुरू झालं, आणि 1960 ते 1968 हा मान्झी मास्तर टीव्हीवरून प्रौढांना लिहायवाचायला शिकवायचा, मोठ्या कागदावर कोळशानी चित्रं काढत. राष्ट्रभाषा घराघरात पोचवण्यात टीव्हीचा वाटा मोठा होता हे दे माउरोनीही मांडलंय. म्हणजे इटालियन लोकांनीच जे केलं तेच आपण करतोय, आणि मला याचा मनापासून अभिमान वाटतो.

पुढचं टार्गेट सानरेमो. फेब्रुवारीतला गाण्यांचा फेस्टिव्हल, पाच रात्री, 1951 पासून चालू आहे. गाणी नंतर शब्दांसकट मिळतातच, मला गाण्यांच्या मधली निवेदकांची बडबड हवीय, कारण ती भराभर, एकमेकांना तोडत, स्क्रिप्ट सोडून चालते. तोपर्यंत रोज एक सीन आणि एक गाणं, आणि वहीत शेवटचे स्वर.